आधी गेट मजबूत करायचं की नेटवर्क? एसीवाल्याच्या वेशात आलेल्या माणसानंतर पडलेला प्रश्न

चाकणकर_आयटी

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होणारे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही. चाकण एमआयडीसीत आमची कंपनी आहे, गाड्यांचे शीट मेटलचे पार्ट बनवतो, रोलवर १४० माणसं, कॉन्ट्रॅक्टची साठ-सत्तर वेगळी, आणि आयटी म्हणजे मी आणि एक ज्युनियर मुलगा.

मागच्या महिन्यात शनिवारी दुपारी एक जण एसी सर्व्हिसचा टीशर्ट घालून, हातात टूलबॅग घेऊन गेटवर आला. गार्डने रजिस्टरमध्ये नाव-नंबर घेतला, 'कुणाला भेटायचंय'च्या रकान्यात 'ॲडमिन' लिहिलं आणि वर सोडला. शनिवारी ॲडमिनला कुणी नसतंच. चाळीस मिनिटं तो पहिल्या मजल्यावर होता. सोमवारी सकाळी साफसफाईच्या मावशींनी मला विचारलं, "सर, मीटिंग रूमच्या टीव्हीमागं ती पांढरी डबी तुम्ही लावली का? पुसू का?" मी कुठलीच डबी लावली नव्हती. जाऊन बघतो तर छोटासा ट्रॅव्हल राउटर, टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेतलेली आणि वायर भिंतीतल्या लॅन सॉकेटमध्ये. म्हणजे कंपाउंडबाहेर गाडीत बसून वायफायने कुणीही थेट आमच्या नेटवर्कात, आणि आमचं नेटवर्क सगळं एकच सपाट आहे, मीटिंग रूमच्या सॉकेटपासून डिझाईनच्या सर्व्हरपर्यंत मधे काहीच आडवं येत नाही, कस्टमरची ड्रॉइंग सगळी तिथंच.

एसीच्या एएमसीवाल्याला (वर्षभराच्या देखभालीचा ठेका असलेल्याला) फोन केला तर तो म्हणाला आमचा माणूस आलाच नाही.

मग मी खोदत गेलो आणि अजून निघत गेलं. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ १७ मिनिटं मागे, त्यामुळे कॅमेऱ्यात दिसणारा माणूस आणि डीएचसीपीच्या लॉगमधली (कुठलं यंत्र नेटवर्कला कधी जोडलं त्याची नोंद) वेळ जुळेचना, अर्धा दिवस त्यात गेला. व्हीपीएनची (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात यायची वाट) यादी काढली तर नोकरी सोडून गेलेल्या ११ जणांचे आयडी चालू, त्यातला एक तर २०२१ ला गेलाय. काही चोरीला गेलं का हे अजून छातीठोकपणे सांगता येत नाही आणि तेच मला रात्री झोपू देत नाहीये.

आता एमडी साहेबांनी १२ लाख मंजूर केलेत. त्यांचं म्हणणं चोर गेटमधून आला ना, मग गेट पक्कं करा, नवीन कॅमेरे, बूम बॅरियर, चेहरा ओळखणारं मशीन. फायरवॉलवाला व्हेंडर म्हणतो सगळे पैसे नेटवर्कवर घाला. त्यात जर्मन कस्टमरचा मेल आलाय की पुढच्या वर्षापर्यंत टिसॅक्स (वाहन उद्योगातली माहिती-सुरक्षेची तपासणी) करून घ्या. दोन्हीकडे पुरेल एवढे पैसे नाहीत. आधी काय करायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सुभेदार_हिंजवडी

चाकणकर, लष्करातून निवृत्त झाल्यावर १४ वर्षं आयटी पार्कमध्ये सिक्युरिटी बघतोय, त्यावरून सांगतो. बूम बॅरियर गाडी अडवतो. तुमचा माणूस चालत आला होता.

सगळ्यात आधी गार्डशी बोला, पण त्याला झापायला नको. बारा-बारा तास उभा असतो तो. एखाद्या साहेबाला किंवा साहेबाच्या पाहुण्याला अडवलं की शिव्या त्यालाच, आणि सोडलं की कुणी काही बोलत नाही. मग तो सोडणारच. आमच्याकडे मी एक स्टँडिंग ऑर्डर लावून घेतली, त्यावर सीईओची सही आहे, की गार्डने थांबवलं तर कुणीही वाद घालायचा नाही, तक्रार असेल तर नंतर माझ्याकडे. ती लॅमिनेट करून पोस्टवर लावली तेव्हापासून पोरांच्या आवाजात फरक पडला. खर्च लॅमिनेशनचा.

दुसरं, सर्व्हिसवाला आला की फोन करायचा, पण तो देईल त्या नंबरवर नाही. गेटवर आपली स्वतःची यादी हवी, एसी, लिफ्ट, यूपीएस, पेस्ट कंट्रोल, फोटोकॉपी मशीन, इंटरनेट, प्रत्येकाच्या ऑफिसचा नंबर आणि आपल्याकडे त्याला कोण बोलावतं त्याचं नाव. आतला माणूस खाली येऊन घेऊन जाईल, काम संपेपर्यंत सोबत राहील, परत गेटवर आणून सोडेल. आतला माणूस नसेल तर काम सोमवारी. एसी दोन दिवस बंद राहिला तरी चालतो.

बॅग उघडून बघणं, लॅपटॉप किंवा कुठलंही यंत्र आत जाताना रजिस्टरला नोंद, बाहेर जाताना आरजीपी-एनआरजीपी (परत येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंचे गेटपास), हे तुमच्याकडे मालासाठी असणारच, कारखाना आहे. तेच माणसाच्या बॅगेला लावा. मालाचं एक बोल्ट बाहेर गेलं तर चलन मागतात आणि राउटर आत येताना कुणी विचारत नाही, हे बहुतेक कारखान्यांत बघितलंय.

आता इमारत. शिडी घ्या आणि सर्व्हर रूमचं फॉल्स सीलिंग उचलून बघा. भिंत वर स्लॅबपर्यंत गेलीये का? दहातल्या कित्येक ठिकाणी पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच असतं, दाराला महागडं कुलूप आणि वरून माणूस सरपटत आत. आणि दाराचं ईएम लॉक (विजेच्या चुंबकाचं कुलूप) वीज गेली की सुटतं, ते तसंच असलं पाहिजे, आग लागली तर माणूस आत अडकता कामा नये. फायर अलार्म वाजला की बाहेर पडायच्या वाटेवरची सगळी दारं सुटली पाहिजेत, यात तडजोड नाही. सर्व्हर रूमला वेगळं, तिथं वीज गेली तरी बाहेरून बंद राहणारं कुलूप बसवा, पण आतून नुसती मूठ फिरवली की उघडणारं. आतल्या माणसाला कार्ड, बटण, वीज कशाचीही गरज पडता कामा नये.

कार्ड कुठली वापरता? जाडी पांढरी १२५ किलोहर्ट्झची असतील तर ती चावीवाला मिनिटात दुसरी करून देतो. त्यात नुसता एक नंबर असतो, जवळ रीडर आणला की कुणालाही सांगून टाकते. मायफेअर क्लासिक ही कार्डाची जात त्यापेक्षा बरी समजायचे, पण नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठाच्या लोकांनी २००८ सालीच तिचं कोडं फोडून दाखवलं. नवीन घ्यायचीच तर डेसफायर जातीची घ्या.

स्विचपोर्ट

सुभेदार काकांनी सगळं बरोबर सांगितलं, मी नेटवर्कच्या बाजूने लिहितो. माझं मत स्पष्ट आहे, भिंतीतलं लॅन सॉकेट हे पण दारच आहे आणि तुमच्याकडे अशी शंभर दारं सताड उघडी आहेत.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटचं काम. तुमचे स्विच (जिथं लॅनच्या सगळ्या वायरी येतात) मॅनेज्ड, म्हणजे प्रत्येक पोर्टला वेगळी सेटिंग देता येणारे, आहेत का बघा, चाकणच्या कारखान्यांत बहुतेक वेळा असतात पण कुणी कॉन्फिगर केलेले नसतात. जे पोर्ट वापरात नाहीत ते सगळे शटडाऊन. मीटिंग रूम, रिसेप्शन, कॅन्टीन, जिथं परका माणूस एकटा बसू शकतो तिथले सॉकेट तर आजच. एवढं केलं असतं तर ती डबी नुसती डबीच राहिली असती.

मग तुकडे पाडा. ऑफिसचे पीसी एका व्हीलॅनमध्ये (एकाच वायरिंगवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा तुकडा), डिझाईन वेगळं, कॅमेरे वेगळे, हजेरीची मशीन वेगळी, शॉप फ्लोअरची सीएनसी वेगळी (त्यातली निम्मी अजून जुन्या विंडोजवर असतील आणि त्यांना हात लावता येत नाही, म्हणूनच वेगळी), पाहुण्यांचं वायफाय फक्त इंटरनेटला. आणि मधे फायरवॉलमध्ये नियम, की कॅमेऱ्याला फक्त एनव्हीआरशी (चित्रण साठवणाऱ्या यंत्राशी) बोलता येईल, बाकी कुणाशी नाही.

त्यानंतर ८०२.१एक्स. नाव अवघड वाटतं, काम सोपंय, पोर्टला वायर लावली की स्विच आधी विचारतो तू कोण, आणि रेडियस सर्व्हर (ओळख तपासणारा) हो म्हणाला तरच दार उघडतो. तुमच्याकडे विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर एनपीएस (मायक्रोसॉफ्टचा रेडियस सर्व्हर) त्यातच येतं, वेगळं विकत घ्यायला लागत नाही. ते नको असेल तर फ्री रेडियस आहे, पॅकेटफेन्स नावाचं ओपन सोर्स नॅक (नेटवर्कात कुणाला घ्यायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर) आहे, मी स्वतः एका हॉस्पिटलमध्ये पॅकेटफेन्स बसवलंय. जमलं तर पासवर्डऐवजी सर्टिफिकेटवर (लॅपटॉपमध्ये बसवलेलं डिजिटल ओळखपत्र) जा, पासवर्ड माणूस माणसाला सांगतो, सर्टिफिकेट लॅपटॉपमध्येच राहतं.

पण एक कळकळीने सांगतो, पहिल्या दिवशी अडवायला लावू नका. आधी नुसतं बघायच्या मोडमध्ये ठेवा, कोण पास होतंय कोण नापास ते लॉगमध्ये येऊ द्या, कुणालाही अडवू नका. दोन-तीन आठवडे. तुम्हाला माहीत नसलेल्या इतक्या वस्तू सापडतील. मग एकेक मजला चालू करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका रात्रीत सगळं चालू केलं आणि सकाळी डिस्पॅचचा लेबल प्रिंटर बंद, गाड्या गेटवर अडकल्या, मालकाने दुपारी सगळं काढून टाकायला लावलं आणि पुढे दोन वर्षं त्या कंपनीत तो विषय कुणी काढू देईना.

प्रिंटर, कॅमेरे, पंचिंग मशीन यातल्या बऱ्याच जणांना ८०२.१एक्स येत नाही, त्यांना मॅक ॲड्रेसवर (यंत्राच्या नेटवर्क नंबरवर) सोडावं लागतं. मॅक ॲड्रेस मशीनच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो, कुणीही लॅपटॉपला तोच लावू शकतो, म्हणून त्याला ओळखपत्र समजू नका, असल्या वस्तू वर सांगितलेल्या बंदिस्त व्हीलॅनमध्येच. आणि कंपाउंडच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला आयपी कॅमेरे आहेत ना? मग तुमची लॅनची वायर गेटच्या बाहेर लोंबतेय. शिडी लावून कॅमेरा काढला आणि तिथं लॅपटॉप लावला की तो तुमच्या आत. एमडी साहेब अजून कॅमेरे लावणार असतील तर त्यांना हे नक्की सांगा. कॅमेऱ्यांचे कंपनीतून आलेले पासवर्डही बदला, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने साठेक ठरलेले आयडी-पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते आणि त्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या साइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेत मोठमोठ्या साइट बंद पडल्या.

एसीवाल्यावरून आठवलं, अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या साखळीत २०१३ साली ४ कोटी कार्डांची माहिती गेली, त्याची सुरुवात त्यांच्या एसी-रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनपासून झाली. तिथं वेश घालूनही कुणाला यावं लागलं नाही.

आणि महत्त्वाचं, हे सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवलंत का? २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे असा अनधिकृत प्रवेश लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो, ते खासगी कंपन्यांनाही लागू आहे. लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची हेही त्यातच आहे. तुमच्या १७ मिनिटांचं औषध तिथं लिहून ठेवलंय. उशीर झाला असला तरी कळवा.

भोसरीचा_कारखानदार

माझा स्वतःचा ८५ माणसांचा कारखाना आहे म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो. हे रेडियस, सर्टिफिकेट, नॅक, सगळं ऐकायला छान आहे पण दोन माणसांची आयटी टीम हे सांभाळणार कशी? सर्टिफिकेट संपलं, रविवारची नाइट शिफ्ट, ईआरपी उघडत नाही, डिस्पॅच थांबला, मग फोन कुणाला? आमच्याकडे लाइन एक तास थांबली तर कस्टमर दंड लावतो. मी असतो तर रिकामे पोर्ट बंद, मीटिंग रूमच्या सॉकेटची वायर स्विचमधून काढून टाकली, सर्व्हर रूमला चांगलं कुलूप, व्हीपीएनला मोबाईलवरचा ओटीपी, बस. उरलेल्या पैशात चांगला बॅकअप, ज्याची एक कॉपी नेटवर्कपासून तोडून कपाटात ठेवलेली. सिस्टीम जेवढी साधी तेवढी टिकते.

स्विचपोर्ट

बॅकअपचं शंभर टक्के मान्य, आणि माझ्या लिहिण्यात ते राहिलंच होतं. सांभाळायचा मुद्दाही खरा आहे. म्हणूनच म्हणतो की ऑफिस आणि डिझाईनला ८०२.१एक्स लावा, शॉप फ्लोअरला लावूच नका, तिथं पोर्ट बंद आणि स्विचच्या कपाटाला कुलूप एवढं पुरे. रेडियस सर्व्हर दोन ठेवा, आणि दोन्ही मेले तर पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये पडेल हे आधी ठरवून ठेवा. पण वायर काढून टाकणं हा कायमचा इलाज नाही दादा, सहा महिन्यांनी कुणीतरी साहेब मीटिंगला म्हणतो वायफाय स्लो आहे, वायर लावून दे, आणि ज्युनियर मुलगा लावून देतो. ते मशीनने अडवलं तरच अडतं.

मृणाल_एचआर

मी आयटीतली नाही, रांजणगावच्या एका कंपनीत एचआर बघते, पण तुमचे ते ११ आयडी वाचून लिहावंसं वाटलं. चाकणकर दादा, तो दोष एकट्या आयटीचा नाही हो. तुम्हाला कुणी सांगतच नाही की माणूस गेला.

आमच्याकडे तपासलं तेव्हा माणसांच्या चार याद्या निघाल्या. पगाराची माझ्याकडे, पंचिंगची टाइम ऑफिसकडे, दाराच्या कार्डांची सिक्युरिटीकडे, कॉम्प्युटरच्या आयडींची आयटीकडे. चारही वेगवेगळ्या. सोडून गेलेल्याचा पगार दुसऱ्या महिन्यापासून बंद होतो कारण त्यात पैसे जातात, बाकीच्या तीन ठिकाणी तो वर्षानुवर्षं नोकरीत असतो. आम्ही ठरवलं की पगाराची यादी हीच खरी, रोज संध्याकाळी त्यातून एक फाइल निघते आणि बाकीचे तिघं त्यावरून आपली यादी जुळवतात. राजीनामा असेल तर शेवटच्या दिवशी सहा वाजता कार्ड आणि आयडी दोन्ही बंद, फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर आयटी आणि सिक्युरिटी दोघांची सही असल्याशिवाय माझी सही होत नाही. कुणाला कामावरून काढायचं असेल तर तो मीटिंग रूममध्ये असतानाच आयडी बंद करायला सांगते. ते करताना मला फार वाईट वाटतं, माणूस रडत असतो समोर, पण एकदा एकाने त्या तासाभरात सगळी कोटेशन स्वतःच्या मेलवर पाठवली होती.

कॉन्ट्रॅक्टची माणसं हे मोठं भोक आहे. ठेकेदाराचा माणूस गावाला गेला की तो दुसऱ्याला पाठवतो आणि त्याच कार्डावर पाठवतो. म्हणून त्यांच्या कार्डांची मुदत महिन्याची ठेवा, महिना संपला की आपोआप बंद, चालू ठेवायचं तर ठेकेदाराने नवीन यादी द्यायची. सुरुवातीला खूप ओरडा होतो.

आणि चेहऱ्याच्या मशीनबद्दल जरा थांबा. कार्ड हरवलं तर दुसरं देता येतं, चेहरा किंवा बोटाचा ठसा चोरीला गेला तर माणसाने काय करायचं? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे आणि त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत. घ्यायचंच असेल तर व्हेंडरला विचारा की ते फोटो कुठं साठतात, माणूस गेल्यावर पुसता येतात का. तुमचं गेटचं रजिस्टरही तसंच, उघडं पडलेलं असतं, आधीच्या सगळ्या पाहुण्यांची नावं-नंबर कुणीही वाचतो. आमच्या एका मुलीला त्यातून नंबर घेऊन कुणीतरी त्रास दिला होता, तेव्हापासून आम्ही एका पाहुण्याला एक चिठ्ठी करतो.

श्टुटगार्टकर

मृणालताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी इथं जर्मनीत एका ऑटो सप्लायरकडे काम करतो, टिसॅक्सच्या दोन ऑडिटमधून गेलोय, म्हणून त्याबद्दल सांगतो.

टिसॅक्स २०१७ पासून आहे, ईएनएक्स नावाची संघटना चालवते, प्रश्नावली जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेची. त्या एकाच प्रश्नावलीत इमारतीचे सुरक्षा झोन, पाहुण्यांची सोबत, आयडी देणं-काढणं आणि नेटवर्कचे तुकडे हे सगळं शेजारी शेजारी विचारलेलं असतं, आणि तिसऱ्या लेव्हलला ऑडिटर स्वतः येऊन चालत फिरतो. आमच्याकडे आला तेव्हा त्याने गेल्या तीन महिन्यांत सोडून गेलेल्यांतली पाच नावं निवडली आणि त्यांचं कार्ड कधी बंद झालं, आयडी कधी बंद झाला ते दाखवा म्हणाला. फायरवॉल कुठल्या कंपनीची ते विचारलंही नाही. टिसॅक्सचं लेबल मिळालं की जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. म्हणून साहेबांना सांगा की गेट की नेटवर्क असा प्रश्नच कस्टमर विचारणार नाहीये. नकाशा काढा, कुठल्या खोलीत काय आहे, तिथं कुणी जायचं, आणि त्या खोलीतल्या सॉकेटमधून कुठं पोचता येतं. आमच्याकडे हिरवा-पिवळा-लाल झोन आहेत आणि व्हीलॅनलाही तेच रंग दिलेत, त्यामुळे गार्डपासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांना एकच भाषा कळते.

जुन्या व्हीपीएन आयडीचं काय होतं त्याचं उदाहरण कोलोनियल पाइपलाइन. मे २०२१, अमेरिकेच्या पूर्वेकडे इंधन नेणारी मोठी पाइपलाइन, वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून लोक घुसले, त्यावर दुसरी पायरी म्हणून ओटीपी वगैरे काही नव्हतं, फक्त पासवर्ड. पाइपलाइन पाचेक दिवस बंद राहिली, कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी दिली. साहेबांना हे एकच सांगितलंत तरी त्या ११ आयडींचं वजन कळेल.

अजून एक, जे कुणी सांगितलं नाही. दार नेटवर्कवर चालायला लागलं की नेटवर्क गेल्यावर दाराचं काय? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तास बंद होतं. मेंटेनन्सच्या एका कमांडने त्यांचं स्वतःचं मुख्य नेटवर्कच तुटलं, आतली साधनंही गेली. इंजिनियर डेटा सेंटरला पोचले पण तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरून यंत्रापर्यंत पोचायलाच वेळ लागला, हे कंपनीने स्वतः लिहिलंय. ऑफिसांतले बॅज चालत नव्हते अशाही बातम्या होत्या. तेव्हा तुमचा दाराचा कंट्रोलर (दार उघडायचं की नाही ते ठरवणारा डबा) कुणाला सोडायचं ती यादी स्वतःकडे साठवून ठेवणारा घ्या, त्याला बॅटरी हवी, आणि सर्व्हर रूमची एक साधी लोखंडी चावी सीलबंद पाकिटात, सही घेऊन, प्लांट हेडच्या तिजोरीत.

झिरो ट्रस्टबद्दल व्हेंडर बोलेलच. ती डब्यात मिळणारी वस्तू नाही. जॉन किंडरवाग यांनी फॉरेस्टर या संशोधन कंपनीत असताना २०१० साली हा शब्द पुढे आणला, गूगलने २००९ च्या हल्ल्यानंतर आपलं नेटवर्क त्या विचाराने बदलत नेलं, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने त्यावर पूर्ण दस्तऐवज काढला. सगळ्याचा गाभा एवढाच की तू इमारतीच्या आत आहेस म्हणून तुझ्यावर विश्वास नाही, दर वेळी तू कोण आणि तुझं यंत्र कोणतं ते विचारणार. तुमचा एसीवाला इमारतीच्या आतच होता ना.

चाकणकर_आयटी

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, काय काय झालं ते सांगतो.

सर्ट-इनला उशिरा का होईना कळवलं. कस्टमरलाही एमडी साहेबांनी स्वतः मेल केला, मला भीती होती ऑर्डर जाते की काय, पण त्यांनी उलट विचारलं की पुढे काय करणार ते लिहून द्या. व्हीपीएनचे ११ च्या ११ बंद, उरलेल्यांना मोबाईलवरची दुसरी पायरी लावली.

पोर्ट एका रविवारी बंद केले. ९६ पैकी ४१ रिकामे होते. सोमवारी कॅन्टीनचं पंचिंग मशीन बंद पडलं, ते आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं. मग एनपीएस लावलं, स्विचपोर्ट म्हणाले तसं नुसतं बघायच्या मोडमध्ये. दोन आठवड्यांत १९ अनोळखी वस्तू निघाल्या. क्यूसीच्या टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच, दोन ठिकाणी लोकांनी घरून आणलेले वायफाय राउटर, आणि एक जुना पीसी जो सहा वर्षांपूर्वीच्या वजनकाट्याला जोडलेला होता आणि अजून चालू होता. राउटर आणणाऱ्यांना मी काही बोललो नाही, शॉप फ्लोअरला रेंजच नव्हती, त्यांची गरज खरी होती. तिथं आता आपला ॲक्सेस पॉइंट लावतोय.

सुभेदार काका, शिडी लावून बघितलं. सर्व्हर रूमची मागची भिंत फॉल्स सीलिंगलाच संपते, पलीकडे स्टेशनरीचं स्टोअर. मी आठ वर्षं त्या खोलीत काम करतोय. गवंडी बोलावून स्लॅबपर्यंत वीट चढवली.

स्टँडिंग ऑर्डर पण लागली, एमडींच्या सहीची. दुसऱ्याच दिवशी गार्डने त्यांच्याच मेहुण्याला अडवलं, आणि साहेब स्वतः खाली येऊन गार्डला शाबासकी देऊन गेले. मावशींना महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलावून सत्कार केला. आता सफाईच्या सगळ्या बायकांना माझा नंबर दिलाय, नवीन वायर किंवा डबी दिसली की फोटो पाठवतात, आतापर्यंत चार आले, चारही आमच्याच वस्तू होत्या पण मी दर वेळी जाऊन बघतो आणि त्यांना सांगतो काय होतं ते.

बूम बॅरियर रद्द. चेहऱ्याचं मशीन मृणालताईंचं वाचून साहेबांनी थांबवलं. उरलेल्या पैशात सर्व्हर रूम आणि डिझाईन या दोन दारांना नवीन रीडर घ्यायचेत. डेसफायर नक्की केलंय, पण व्हेंडर म्हणतो जुनीच वायगँडची (रीडर आणि कंट्रोलर जोडणारी जुन्या पद्धतीची) वायर चालेल, उगाच खर्च नको. चालेल का?

स्विचपोर्ट

नको. वायगँडच्या वायरीतून कार्डाचा नंबर उघडा जातो, रीडरचं झाकण काढून मधे छोटं सर्किट बसवलं की डेसफायरचा सगळा खर्च वाया. ओएसडीपीवाला (रीडर-कंट्रोलरमधल्या बोलण्याची नवी पद्धत) रीडर घ्या आणि त्यात सिक्युअर चॅनल, म्हणजे ते बोलणं गुप्त ठेवायची सोय, चालू करून द्यायला सांगा, बऱ्याचदा बसवणारा ते चालूच करत नाही. दोनच दारं आहेत, वायर नवीन ओढा.

सुभेदार_हिंजवडी

आणि कंट्रोलर दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर उंच, पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद. रीडरमध्येच रिले (कुलूप उघडणारा स्विच) असलेलं स्वस्त मशीन घेऊ नका, ते बाहेरून उखडलं की दोन वायरी जोडून दार उघडतं.

अजून एक, पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या की कार्डांच्या कीज (कार्डातले गुप्त आकडे) तुमच्या कंपनीच्या असतील आणि हस्तांतराच्या दिवशी व्हेंडर त्या सीलबंद देऊन जाईल. आमच्याकडे त्या व्हेंडरकडेच राहिल्या होत्या, चार वर्षांनी त्याने धंदा बंद केला आणि २२०० कार्डं बदलावी लागली.